आमचं कुठंच वय बसत नाही

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

कोरोनापासनं आमच्या वयाच्या पोरांच्या मनाला जे दुखणं लागलंय त्याबद्दल लिहितोय, पत्र लांबलंय. कात्री लावायची तिथं लावा, फक्त दवाखान्याच्या बोर्डाचं आणि शेवटी तुमच्याच पेपरच्या बातम्यांचं जे लिहिलंय ते तेवढं राहू द्या.

मी मिरजेत एका मेडिकलमध्ये काम करतो, फार्मासिस्ट आहे, वय २८. गेल्या मंगळवारी रात्री सव्वादहाला शटर अर्धं खाली ओढलेलं, तेवढ्यात एक पोरगं आलं, हेल्मेट काढलंच नाही, नुसती काच वर करून म्हणतंय, "दादा, झोपेची एखादी गोळी असली तर द्या की." चिठ्ठी आहे का म्हणलं, तर नाही. मग मी आमचं नेहमीचं पुराण लावलं, की भावा ती शेड्यूल एच-वन मधली गोळी असती, डॉक्टरचं नाव पेशंटचं नाव किती गोळ्या दिल्या सगळं रजिस्टरला चढवावं लागतंय, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतंय, बिनचिठ्ठीची दिली तर माझं लायसन जाईल. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणलं, बरं मग ऍसिडिटीची तरी द्या. काय होतंय म्हणून विचारलं तर छातीत धडधडतंय, हाताला मुंग्या येत्यात, रात्री तीनला खाडकन जाग येती ती येतीच. दोनदा ईसीजी काढलाय, दोन्ही वेळा नॉर्मल. कधीपासनं होतंय रे असं? तर म्हणलं, "तसं लॉकडाऊनपासनंच."

हे "लॉकडाऊनपासनं" मी काउंटरला उभा राहून इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचं नवल वाटायचं बंद झालंय. कोण केस गळतात म्हणून येतो, एखादी पोरगी पोट सारखं बिघडतंय म्हणून येती, एक जिमवाला दादा अंगात ताकदच नाही म्हणून बी-ट्वेल्वच्या गोळ्या नेतो, आणि गर्दी नसली दोन शब्द जास्त बोलणं झालं की गाडी तिथंच येऊन थांबती. आपल्या पोरांकडं ह्या दुखण्याला शब्दच नाही साहेब. डिप्रेशन म्हणावं तर लय मोठं वाटतं, पिक्चरमधलं वाटतं, वेड म्हणलं तर विषयच संपला, मग उरतं काय, करमत नाही, डोकं आउट झालंय, कशातच मन लागंना, आणि सगळ्यात सोपं म्हणजे ऍसिडिटी. ऍसिडिटीला कोण नावं ठेवत नाही, आणि गोळी पण स्वस्तात येती.

आता हे सगळं लिहायला बसायचं कारण असं की पंधरा दिवसांपूर्वी आपल्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की कोरोना जाऊन जमाना झाला, आता तरुणांनी त्याचं रडगाणं बंद करावं, आमच्या पिढीनं ७२ चा दुष्काळ काढला, खडी फोडली, सुकडी खाल्ली, कोण डिप्रेशनमध्ये गेलं नाही. काकांचा मान राखून सांगतो, माझी आजी पण खडी फोडायला गेलती आणि ती पण हेच म्हणती. फक्त हीच आजी २०१९ च्या पुरानंतर दरवर्षी जुलै लागला की रात्री दोनदा-तीनदा उठती, बॅटरी घेऊन दारात उभी राहती, पाणी कुठवर आलंय बघती. गाव नदीपासनं बऱ्यापैकी वर आहे, पाणी आलं तरी आमच्या गल्लीला शेवटी येतंय, हे तिला आमच्यापेक्षा चांगलं माहितीय. तरी उठती. आम्ही तिला काय म्हणतो? काळजीचा स्वभाव आहे म्हणतो. नातू उठून बसला की मात्र मोबाईलनं वाटोळं केलं.

आणि मोबाईलचं काढलंच आहे तर एक सांगतो, २०२० च्या जूनमध्ये पोरांच्या हातात मोबाईल दिला कुणी? शाळा-कॉलेजनं आणि आईबापानंच दिला ना, कर्ज काढून दिला कुणीकुणी, कारण तासच त्याच्यावर होते. जतच्या नाहीतर आटपाडीच्या वाडीवस्तीवर रेंज घावायची नाही म्हणून पोरं माळावर, पाण्याच्या टाकीवर जाऊन बसायची. तेव्हा त्याला अभ्यास म्हणत होतो. असो.

आमच्या सांगली जिल्ह्याचं एक वेगळं आहे ते बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडं कोरोना एकटा आला नाही. ऑगस्ट २०१९ ला कृष्णेचा महापूर, सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर, धोक्याची पातळी ४५. ब्रह्मनाळला नाव उलटली ते अख्ख्या महाराष्ट्रानं टीव्हीवर बघितलं. घरातला चिखल काढून, भिंती वाळवून, दुकानं जरा उभी राहतायत तोवर सात महिन्यांत मार्च २०२० आला, इस्लामपुरात एकाच घरातले चौघं पॉझिटिव्ह निघाले आणि आठवड्याभरात तो आकडा दोन डझनापर्यंत गेला, म्हणजे पुण्या-मुंबईला भ्यायचं सोडून लोक सांगलीला भ्यायला लागले. पै-पाहुण्यांचे फोन यायचे, तुमच्याकडं लय आहे म्हणं. मग एप्रिल-मे २०२१ ची दुसरी लाट, ती नीट उतरली पण नाही आणि जुलै २०२१ ला परत पूर, ५५ फुटांच्या आसपास. ऑगस्टमध्ये राज्यात बाकी बऱ्याच ठिकाणी मोकळीक मिळाली तेव्हा ज्या ११ जिल्ह्यांत निर्बंध तसेच ठेवले त्यात सांगली, सातारा, कोल्हापूर तिन्ही होते. दोन वर्षांत दोन पूर आणि दोन लाटा. ह्या काळात जे पोरगं १८-१९ चं होतं त्यानं बारावी झाल्यापासनं डिग्री मिळेपर्यंत दुसरं काय बघितलं सांगा.

माझं स्वतःचं सांगतो म्हणजे कोणाच्या नावावर बिल फाडायला नको. मी तेव्हा २३ चा, मेडिकल अत्यावश्यक सेवेत म्हणून दुकान रोज चालू. मिरजेचं सिव्हिल कोविडसाठी घेतलेलं, त्यामुळं आमच्या रस्त्याला दिवसभर अँब्युलन्स. मिरज म्हणजे तसं दवाखान्यांचंच गाव, १८९४ ला वॉन्लेस डॉक्टरांनी मिशन हॉस्पिटल काढल्यापासनं कर्नाटकातनं, कोकणातनं लोक इथं औषधपाण्याला येतात, आजारी माणूस बघायची आम्हाला सवय आहे. पण ते वेगळं होतं. काउंटरपुढं दोरी बांधलेली, लोक पलीकडनं ओरडून औषध सांगायचे, ताप-खोकल्याची गोळी न्यायला आलेला माणूस नाव-नंबर सांगताना थरथरायचा. गावाकडं घरात आजी-आजोबा म्हणून मी दीड-दोन महिने गेलोच नाही, रूमवर एकटा. मेसवाला डबा दाराबाहेर ठेवून बेल वाजवून पळायचा, त्या बिचाऱ्याची तरी काय चूक.

दुसऱ्या लाटेत मे महिन्यात एक दिवस दुपारी रेमडेसिव्हिर आहे का म्हणून माणसं विचारतायत, नाही नाही म्हणून सांगतोय, आणि अचानक माझ्या बोटांना मुंग्या आल्या, छाती धाडधाड, श्वासच पुरंना, वाटलं संपलं. मालकांनी ऑक्सिमीटर लावला तर ९८. मग मी एक ऑक्सिमीटर रूमवर नेला आणि साहेब तुम्हाला खोटं वाटेल, दिवसातनं वीस-वीस वेळा बोट घालून बघायचो. झोपताना, उठल्यावर, जिना चढल्यावर, रात्री तीनला. ९७ आला की घाम. ९८ आला की दहा मिनिटं बरं वाटायचं आणि परत बोट आत. टेस्ट निगेटिव्ह, ईसीजी नॉर्मल, टूडी-इको (हृदयाची सोनोग्राफी) पण केला, पाच-सहा हजार त्यातच गेले. शेवटी एका फिजिशियननं समजावून सांगितलं की तुझं हृदय ठणठणीत आहे, मनाच्या डॉक्टरला दाखव. मला एवढा राग आला की त्यांची फाईल मी तिथल्याच डस्टबिनला टाकून आलो. मी, औषधाचा डिप्लोमा केलेला माणूस, जो रोज दुसऱ्यांना ह्याच गोळ्या चिठ्ठीवर मोजून देतो! जायला पाच महिने लागले. आणि गेलो ते मिरजेत नाही बरं का, कोल्हापूरला गेलो, एसटीनं, ओळखीचं कोण भेटू नये म्हणून.

तिथं कळलं ते इथं सांगतो, कारण कोणतरी पोरगं वाचत असेल. ह्याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीराला वाटतं वाघ आला, अंगात ऍड्रिनलीन सुटतं, पळायची तयारी म्हणून हृदय जोरात चालतं, आपण भसाभस श्वास घेतो, त्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो आणि म्हणून बोटांना, ओठांना मुंग्या येतात, गरगरतं. ते दहा-पंधरा मिनिटांत चढून उतरतंच. पण पहिल्यांदा ज्याला होतं त्याला हे माहिती नसतं, तो भितो, भीतीनं अजून धडधडतं, आणि मग जिथं झालं ती जागा टाळायला लागतो. मी दुपारच्या गर्दीच्या टायमाला काउंटर टाळायला लागलो होतो, गोडाऊनमध्ये स्टॉक मोजत बसायचो. पोरं अभ्यासिका टाळतात, एसटी टाळतात, लग्नकार्य टाळतात, घरची म्हणतात आळशी झालाय. (छातीचं दुखणं पहिल्यांदाच होत असेल तर आधी साधा डॉक्टर गाठून तपासून घ्यावं, हे माझं काम म्हणून सांगतो. सगळंच मनाचं नसतं.)

आणि त्या झोपेच्या गोळीचं. डॉक्टरनं थोड्या दिवसांसाठी दिली तर तिचा उपयोग आहे, नाही असं नाही, पण स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने घेतली की तिची सवय लागती, कमी पडायला लागती, आणि एकदम सोडली तर धडधड दुपटीनं परत येती. खरा जो इलाज असतो त्या गोळ्यांना काम करायला दोन ते चार आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात तर उलट जरा अस्वस्थच वाटतं, आणि आपली माणसं पाचव्या दिवशी म्हणतात काय फरक नाही बंद करा. माझ्या काउंटरवर मी बघतो ना, पंधरा दिवसांची चिठ्ठी आणि नेतात पाच दिवसांच्या, परत येत नाहीत. गोळीसोबत बोलणं पण लागतं, समुपदेशन, तिथं तर आपल्याकडं माणूस म्हणतो नुसतं बोलायचे पैसे कशाला द्यायचे.

आता वयाचं. माझ्या गावचा एक दोस्त सैन्यभरतीचा होता, पहाटे साडेचारला उठून रस्त्यानं पळणारा, आमच्याकडं कुठल्याही गावाच्या फाट्यावर अशी पाच-पन्नास पोरं पळताना दिसतात. त्याचं ग्राउंड झालं, मेडिकल तपासणी झाली, लेखी राहिली. कोरोनामुळं पुढं, अजून पुढं, दोन वर्षं सैन्याचे मेळावेच बंद. मग १४ जून २०२२ ला अग्निपथ, म्हणजे चार वर्षांच्या सैन्यभरतीची योजना, आली, जुन्या भरत्या रद्द, वयाची मर्यादा २१, मग त्या एका वर्षापुरती २३ केली. हा तोवर साडेतेवीसचा. सहा महिन्यांनी हुकला. त्याच्या तोंडात तेव्हापासनं एकच वाक्य, "वय बसत नाही." एमपीएससीवाल्यांचं पण तेच रामायण, ५ एप्रिल २०२० ची पूर्व परीक्षा कितीदा पुढं गेली ते मोजायचं पोरांनी सोडून दिलं, ११ मार्च २०२१ ला पेपरला तीन दिवस राहिले असताना परत पुढं ढकलली तेव्हा पुण्यात पोरं रस्त्यावर बसली, शेवटी २१ मार्चला झाली. रूमभाडं, मेस, क्लासची फी आणि घरचे फोन, हे मात्र एकदा पण पुढं गेलं नाही. ज्यांनी डिग्रीचं शेवटचं वर्ष घरात बसून ऑनलाईन एमसीक्यूवर दिलं ती, ज्यांची २०२१ ची दहावी-बारावी पेपर न होताच पास झाली ती, ह्यांना तर अजून कोविड बॅच म्हणतात. हसत म्हणतात, पण इंटरव्ह्यूला पण म्हणतात.

हे "वय बसत नाही" मी नंतर सगळीकडंच बघितलं. आमच्या दुकानात एक पोरगा यायचा, आई लहानपणीच गेलेली, वडील मे २०२१ ला गेले. ऑक्सिजन बेड मिळायलाच दोन दिवस, मिळाल्यावर तीन दिवसांत फोन आला. तोंड लांबनंच बघितलं, अंत्यविधी सगळा दुसऱ्यांनीच उरकला, दहावं नाही, कोण भेटायला आलं नाही. आपल्याकडं माणूस गेला की तेरा दिवस घर भरलेलं असतं, नाही म्हणलं तरी त्या गर्दीत दुःख जरा वाटलं जातं, ह्याला ते पण मिळालं नाही. सरकारनं दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावावर पाच लाख ठेवले, केंद्राची पीएम केअर्सची योजना वेगळी, चांगलंच केलं, पण दोन्हीला वय १८ च्या आत पाहिजे होतं. हा १९ चा. पन्नास हजार सानुग्रह अनुदान तेवढं मिळालं. किशोरवयीन मुलांच्या आरोग्याचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात समुपदेशन पण धरलंय, पण तो १० ते १९ वयाला. म्हणजे २० ते २८ चा जो पोरगा-पोरगी आहे तो भरतीला म्हातारा, योजनेला मोठा, किशोर नाही, शेतकरी म्हणावं तर सातबारा बापाच्या नावावर, पेशंट म्हणावं तर ईसीजी नॉर्मल. कुठल्या खिडकीला उभं राहायचं त्यानं? गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात परराज्यात गेलेली विट्याकडची पोरं लॉकडाऊनला गावाकडं आली, त्यातली काही परत जायलाच तयार नाहीत, घरात पडून असतात, तीस वर्षांचा बाप्या पडून आहे म्हणून गाव हसतं. त्यांना तर कुणी धरतच नाही हिशोबात.

पोरींचं मी नीट लिहू शकत नाही पण दिसलं ते लिहितो. माझी मामेबहीण विट्याला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, जून २०२० ला पन्नास माणसांत लग्न उरकलं. उरकलं हाच शब्द. मांडव नाही, वाजंत्री नाही, खर्च वाचला म्हणून दोन्हीकडची खूष, तेव्हा अशी किती लग्नं झाली बघा आठवून. नंतर २०२१ ला तर २५ माणसं आणि दोन तासांची अट आली, त्यात पण उरकली. तिचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. परवा तिला भेटलो तर पंचविशीतच ती मामीसारखी बोलायला लागलीय, डोकं सारखं दुखतं म्हणती, चष्म्याचा नंबर बघितला, सायनस बघितलं. मी म्हणलं ताई एकदा मनाच्या डॉक्टरांना दाखवूया का, तर तिनं आधी दरवाजाकडं बघितलं, सासूबाई ऐकत नाहीत ना म्हणून, आणि मग म्हणली, "गप की, मला काय येड लागलंय व्हय." विषय तिथंच बंद. पुढच्या आठवड्यात तिला देवऋषाकडं नेऊन उतारा टाकून आणला, तिकडं मात्र सगळं घर गेलतं, जीप करून.

जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ ला सांगितलं होतं की साथीच्या पहिल्याच वर्षात जगात चिंता आणि नैराश्याचे आजार २५ टक्क्यांनी वाढले आणि जास्त तडाखा तरुणांना आणि बायकांना बसला. हे जगाचं. आपल्याकडं कोरोनाच्या आधीच, २०१५-१६ च्या निमहान्सच्या (बंगळूरची मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं होतं की मानसिक आजार असलेल्यांतले ७० ते ९२ टक्के लोक इलाजापर्यंत पोचतच नाहीत, आजार कुठला त्यावर कमीजास्त. म्हणजे दहातले सात तरी बाहेरच, आणि जे बाहेर आहेत त्यातले निम्मे आमच्या मेडिकलच्या काउंटरवर असणार असा माझा आपला अंदाज, अभ्यास वगैरे नाही.

पोचणार तरी कसे, बोर्ड बघा की. सरकारी मराठीत सायकियाट्रीला मनोविकृतीशास्त्र म्हणतात. मनोविकृती! त्या बोर्डाखालच्या बाकड्यावर कोण बसेल सांगा. हाडाच्या डॉक्टरला कोण हाडविकृती म्हणत नाही. बाविशीचं पोरगं, ज्याच्या गावची तीन माणसं त्याच दवाखान्यात त्याच दिवशी बीपी-शुगर दाखवायला आलेली आहेत, ते त्या बोर्डाखाली बसणार नाही, ते ऍसिडिटीची गोळी घेऊन घरी जाणार. माझी साधी मागणी आहे, खर्चाची पण नाही. त्या खोलीला नुसता नंबर द्या, ओपीडी नंबर अमुक, आणि आठवड्यातनं एखाद दिवस तरी ती संध्याकाळी सहानंतर चालू ठेवा, कारण दिवसा पोरगं कामावर असतं नाहीतर काम शोधत असतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात महिन्यातनं दोन संध्याकाळी मनाचा डॉक्टर आला तरी विटा, जत, शिराळ्याच्या पोरांची मिरजेची खेप वाचेल. आपल्याकडं मनाचा दवाखाना म्हणलं की लोकांना अजून येरवडाच आठवतो, राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच, येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी, पण पॅनिकच्या पोराला तिथं जायची काय गरजच नसते, त्याला गावाजवळ अर्धा तास ऐकून घेणारं कोण पाहिजे. साताऱ्यात परिवर्तन संस्था आणि अंनिसवाल्यांनी साध्या माणसांना शिकवून मानसमित्र तयार केले, देवऋषाकडं जाणारी वाट जरा वळवायची म्हणून, तसं आमच्याकडं गावोगाव का होऊ नये. आशाताईंच्या डोक्यावर मात्र हे पण टाकू नका, त्यांच्या वह्या आधीच भरल्यात.

१४४१६ हा नंबर किती जणांना माहितीय? टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन. ऑक्टोबर २०२२ पासनं चालू आहे, फुकट आहे, दिवसरात्र आहे, मराठीत बोलतात. मी एकदा रात्री स्वतः लावून बघितला, ह्या पत्रासाठी नाही, खरंच गरज होती म्हणून, आणि पलीकडच्या बाईंनी आधी जेवला का विचारलं. मला रडूच आलं, कशाला खोटं बोलू. हा नंबर आमच्या दुकानात मी आता काउंटरच्या काचेवर आतनं चिकटवलाय, पैसे देताना दिसेल असा. अभ्यासिकांत, भरतीच्या ऍकॅडम्यांत, एसटी स्टँडच्या मुतारीत सुद्धा लावा, तिथं वाचायला वेळ असतो आणि कोण बघत नाही.

सगळ्यांनाच आजार आहे असं मी म्हणत नाही बरं. पेपर अवघड गेला तरी डिप्रेशन म्हणणारी पण असतात, आणि त्याच लॉकडाऊनमध्ये कुक्कुटपालन टाकून आज गाडी घेतलेले, द्राक्षाला गिऱ्हाईक नाही म्हणून बेदाणा करून त्यातच धंदा उभा केलेले पण माझे दोस्त आहेत. एकाच पुरात एकाचं घर पडतं, एकाचं राहतं. ज्याचं राहिलं त्यानं पडलेल्याला मजबूत बांधायचं होतं म्हणून सांगू नये एवढंच.

आता तुमच्या पेपरचं, रागावू नका. आत्महत्येची बातमी येती तेव्हा "नैराश्यातून तरुणाने जीवन संपविले" एवढ्या एका ओळीत सगळं मिटवतात, फोटो छापतात, कसं केलं ते छापतात, कधीकधी चिठ्ठीतला मजकूर पण. प्रेस कौन्सिलनं २०१९ च्या सप्टेंबरातच सांगितलंय की पद्धत सांगू नये, जागा सांगू नये, बातमी भडक करू नये. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांत २०२१ ला देशात १,६४,०३३ आत्महत्या आणि त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त १८ ते ३० ह्या वयातल्या, म्हणजे तुमची ती बातमी वाचणारा वाचक पण त्याच वयाचा असू शकतो, तीनला जाग आलेला. बातमीखाली १४४१६ छापायला किती जागा लागती? अर्धी ओळ. आणि अजून एक छापा, की प्रयत्न केलेल्या माणसाला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आरोपी धरत नाहीत, तो तीव्र ताणाखाली होता असं धरतात. गावात अजून लोक "पोलीस केस होईल" म्हणून पोराला दवाखान्यात न्यायला उशीर करतात, न्यायलं तर खोटं सांगतात. मी हे बघितलंय, कुठं आणि कुणाचं ते सांगणार नाही.

त्या हेल्मेटवाल्या पोराला त्या दिवशी मी ऍसिडिटीची गोळी दिली, ती देता येते. पिशवीवर पेननं १४४१६ लिहिलं आणि खाली माझ्या कोल्हापूरच्या डॉक्टरांचं नाव. त्यानं वाचलं, काच खाली केली आणि गेला. अजून आला नाही. आला तरी तुम्हाला कळवणार नाही, दुकानातलं दुकानात.

शेवटी एक विनंती, पत्र छापलंत तर नाव छापू नका, गावाचं पण नको, नुसतं मिरज टाका. घरी माझ्यासाठी स्थळं बघायचं चालू आहे, तासगावकडच्या एका घरी बोलणं जवळपास ठरत आलंय. ह्या गोळ्या मी दीड वर्ष घेत होतो हे मुलीला मी स्वतः सांगणार आहे, पण तिच्या मामाला आधी पेपरातनं कळायला नको.

आपला,
मेडिकलवाला, मिरज